वाऱ्याचा जमाखर्च

पहाटे ५.३०

हवामानशास्त्राच्या माणसाला दोन घड्याळं सांभाळावी लागतात. एक घरातलं आणि दुसरं ग्रिनिचचं. ग्रिनिचला मध्यरात्र होते तेव्हा पुण्यात पहाटेचे साडेपाच वाजलेले असतात. आमच्या बोलण्यात या वेळेला ‘झीरो झेड’ म्हणतात. गेली तीस-पस्तीस वर्षं मला याच वेळी जाग येते, गजराची गरज पडत नाही.

मी चहाचं आधण ठेवते त्या वेळी जगातल्या आठशे-नऊशे ठिकाणांहून सोडलेले फुगे आभाळात चढत असतात. सांताक्रूझचा, पणजीचा, नागपूरचा, सिंगापूरचा, नैरोबीचा, सगळे एकाच सुमारास. ठरलेल्या क्षणी ते बऱ्यापैकी उंचीवर असावेत म्हणून आपल्याकडची माणसं साडेचार-पावणेपाचलाच अंगणात उतरलेली असतात. प्रशिक्षणाच्या दिवसांत मीही असा फुगा सोडला आहे. हायड्रोजन भरलेलं ते पातळ रबर माणसाच्या उंचीएवढं होतं. खाली कागदी हवाईछत्री, लांब दोरी आणि दोरीच्या टोकाला पांढरा हलका डबा. डब्यात तापमान, आर्द्रता आणि दाब मोजणारी इवलीशी यंत्रं. वाऱ्याकडे पाठ करून फुगा दोन्ही हातांत धरायचा आणि डबा धरलेल्या सहकाऱ्याकडे बघून सोडायचा. मिनिटाला सुमारे तीनशे मीटर या गतीने तो चढतो, दीड-पावणेदोन तासांत तीस किलोमीटरच्या वर पोहोचतो. हवा विरळ होत जाते तसा फुगत राहतो आणि शेवटी फुटतो. वाटेत वाऱ्याने त्याला कुठे, किती नेलं, एवढ्यावरून त्या त्या उंचीचा वारा कळतो.

माझा विषय जागतिक वाताभिसरण. पृथ्वीभोवतीची सगळी हवा कशी फिरते, का फिरते आणि त्या फिरण्याचा हिशेब जुळतो का, हे मी आयुष्यभर बघत आले. या विषयातलं एकही समीकरण त्या पहाटेच्या अंगणाशिवाय उभं राहिलेलं नाही.

सकाळी ६.४५

जुलैचा तिसरा आठवडा. दोन दिवस पावसाने उघडीप दिली आहे म्हणून टेकडीवर जाता आलं. अशा सकाळी मी लोकांना थांबवून आभाळ दाखवते. खालचे ढग बघा. ते मुळशीच्या बाजूने येतात आणि पूर्वेला हडपसरकडे धावतात. आता त्यांच्या फटीतून फार उंचावरचे पिसाऱ्यासारखे ढग बघा. एखाद्या झाडाचा शेंडा धरून पाच मिनिटं डोळा हलवू नका. ते उलट चाललेले दिसतील, पूर्वेकडून पश्चिमेला.

खालचा वारा नैऋत्य मोसमी. तो विषुववृत्त ओलांडून सोमालियाच्या किनाऱ्यालगत वळतो आणि अरबी समुद्रावरून येतो. वरचा म्हणजे उष्णकटिबंधीय पूर्वीय झोतवारा. साधारण चौदा-पंधरा किलोमीटर उंचीवर, ताशी शंभर-सव्वाशे किलोमीटर वेगाने, तो दक्षिण भारतावरून आफ्रिकेकडे जातो. पी. कोटेश्वरम या आपल्याच शास्त्रज्ञाने १९५८ मध्ये तो जगापुढे मांडला. खालून येणारी आणि वरून परत जाणारी, अशी ही एका प्रचंड चक्राची दोन अंगं. दक्षिण गोलार्धात आता हिवाळा आहे. तिथे हवा खाली उतरते, आपल्याकडे येऊन वर चढते आणि वरच्या वाटेने परत जाते. ऐन मोसमात हे चक्र दर सेकंदाला सुमारे वीस कोटी टन हवा फिरवतं. टेकडीवर उभं राहिलं की त्याचे दोन्ही पट्टे एका नजरेत येतात. त्यासाठी दुर्बीणही लागत नाही.

शाळेत आपण शिकलो की जमीन तापते, समुद्र त्या मानाने थंड राहतो आणि म्हणून मोसमी वारे येतात. पण पुण्यातली जमीन सर्वांत जास्त तापते एप्रिल-मे महिन्यांत आणि पाऊस भर धरतो जुलैत, जमीन निवल्यावर. दुष्काळाच्या वर्षी तर जमीन जास्तच तापलेली असते. मग पाऊस कमी का? सुलोचना गाडगीळ यांनी हा प्रश्न सोडला नाही. १९४४ साली पुण्यात जन्मलेल्या, फर्ग्युसनमध्ये शिकलेल्या, हार्वर्डहून पीएच.डी. करून परत आलेल्या गाडगीळबाईंनी डी. आर. सिक्का यांच्याबरोबर १९८० मध्ये उपग्रहाच्या चित्रांवरून ढगांच्या पट्ट्याचा माग काढला. पृथ्वीला विषुववृत्ताजवळ वेढणारा जो पावसाचा पट्टा आहे, तोच उन्हाळ्यात सरकून आपल्यावर येतो, हे त्यांनी दाखवलं. मोसमी पाऊस त्यामुळे जागतिक वाताभिसरणाच्या कुटुंबातला झाला. २०२५ मध्ये त्या गेल्या. माझ्या पिढीतल्या कितीतरी जणींनी या विषयाची वाट धरली, कारण ती वाट एका बाईने चालून दाखवली होती.

सकाळी ८.३०

ही पर्जन्यमापकाची वेळ. देशभरात पाऊस याच वेळी मोजतात. काल साडेआठ ते आज साडेआठ असा आमचा दिवस. माझ्या अंगणात एक साधं पर्जन्यमापक आहे. आतली बाटली काढायची, पाणी काचेच्या मापनपात्रात ओतायचं, पात्र डोळ्याच्या पातळीवर धरायचं आणि पाण्याच्या वाकलेल्या पृष्ठभागाची खालची कडा कोणत्या रेघेवर येते ते वाचायचं. उघडीप असली तरी रात्रीतून एक सर येऊन गेली होती. ३.४ मिलिमीटर.

वहीत आकडा लिहिताना मी आजही मनातल्या मनात गुणाकार करते. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर पाणी. एक लिटर पाण्याची वाफ पुन्हा पाणी होताना सुमारे पंचवीस लाख ज्यूल उष्णता हवेत सोडते. आमच्या गच्चीएवढ्या शंभर चौरस मीटरवर पडलेल्या या एका किरकोळ सरीने वर आभाळात जी उष्णता सोडली ती विजेच्या हिशेबात दोनशे छत्तीस युनिट होते. आमच्या घरी महिन्याला एवढी वीज जळत नाही. सगळ्या देशावर, सगळ्या बंगालच्या उपसागरावर पडणाऱ्या पावसाचा असाच गुणाकार करा. जगाची हवा फिरवणारं इंजिन ते हेच.

मोजायची सवय वडिलांची. माण तालुक्यात ते प्राथमिक शिक्षक होते. शाळेच्या पर्जन्यमापकाची नोंद सरकारी रजिस्टरात जायची, पण ते स्वतःच्या वहीतही उतरवून ठेवायचे. सातवीत असताना मी ती वही पहिल्यांदा वाचली. १९७२ च्या पानांवर ओळीने एकच शब्द होता. निरंक. निरंक. निरंक. मी विचारलं, “दादा, पाऊस पडलाच नाही तर रोज लिहायचं कशाला?” ते म्हणाले, “पडला नाही हे कळायला नको का कुणाला?”

त्या वर्षी हजारो किलोमीटर दूर प्रशांत महासागराचा पूर्व भाग तापला होता. एल निन्यो. हे मला पुढे एम.एस्सी.ला कळलं. माणच्या वहीतल्या निरंकचा आणि पेरूच्या किनाऱ्याचा संबंध आहे, हे वाचलं त्या दिवशी माझा विषय ठरला.

सकाळी ९.४५

विभागात पोहोचल्यावर पहिलं काम म्हणजे रात्री महासंगणकावर लावलेलं काम पूर्ण झालं का ते बघणं. आज मध्येच थांबलं होतं. डिस्कवरची जागा संपली. चार वर्षांच्या फायली हलवायच्या, पुन्हा रांगेत नंबर लावायचा. अर्धा तास गेला.

मी पीएच.डी. करत होते तेव्हा चुंबकीय फितींच्या चकत्या पिशवीत घालून बसने न्यायचो. एका फितीवर महिन्याभराचे वारे मावायचे. १९९६ मध्ये अमेरिकन हवामानशास्त्र सोसायटीच्या नियतकालिकात चाळीस वर्षांच्या ‘पुनर्विश्लेषणा’चा लेख आला, आणि अंकासोबत एक सीडी आली. पुनर्विश्लेषण म्हणजे जुनी सगळी निरीक्षणं, फुग्यांची, जहाजांची, विमानांची, उपग्रहांची, एकाच संगणकीय प्रारूपात घालून प्रत्येक दिवसाचं जगाचं वातावरण पुन्हा रचणं. ग्रंथालयातली ती सीडी आम्ही पाळीपाळीने घरी नेत होतो. आज युरोपीय हवामान केंद्राचं ‘इरा-५’ हे पुनर्विश्लेषण १९४० पासूनच्या प्रत्येक तासाचं, एकतीस किलोमीटरच्या चौकटीत, एकशे सदतीस थरांत मिळतं आणि फुकट मिळतं. शिकायला याहून चांगला काळ मी पाहिलेला नाही.

मधल्या काळाचं सांगायचं तर दोन वर्षं परदेशी, मग परत, मग तात्पुरत्या नेमणुका, चाळिशीजवळ कायमची नोकरी. या मार्गाने जाणाऱ्या बहुतेकांचं असंच होतं.

सकाळी ११.००

माझी शेवटची पीएच.डी. विद्यार्थिनी आलेख घेऊन येते. लातूरची आहे, मोजकं बोलते. तिचा विषय कोनीय संवेगाचा जमाखर्च.

हा जमाखर्च समजून घेण्यासारखा आहे. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेला फिरते. विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना पृष्ठभागावर पूर्वेकडून वारे वाहतात, ज्यांना जुने खलाशी व्यापारी वारे म्हणत. ते पृथ्वीच्या फिरण्याविरुद्ध घासतात. त्या घासण्यात हवा पृथ्वीकडून फिरकी उसनी घेते. पुढे तीस-साठ अक्षांशांमध्ये पश्चिमेचे वारे आहेत, ते ही उधारी पृथ्वीला परत करतात. वर्षाची बेरीज शून्य यायला हवी, नाहीतर पृथ्वीची गती बदलत राहिली असती. हे पहिल्यांदा ओळखलं ते जॉर्ज हॅडली या इंग्रज वकिलाने. रॉयल सोसायटीकडे येणाऱ्या हवामानाच्या नोंदी तो सांभाळत असे. १७३५ मध्ये त्याने व्यापारी वाऱ्यांवर मोजक्या पानांचा निबंध लिहिला आणि त्यात ही परतफेडीची गोष्ट सांगून ठेवली. विषुववृत्ताजवळ चढून उपोष्ण पट्ट्यात उतरणाऱ्या चक्राला आज त्याचंच नाव आहे.

“मॅडम, बेरीज जुळत नाही,” ती म्हणते. आलेखात एका वर्षी आपल्याकडचा पूर्वीय झोतवारा एकदम पायरी उतरल्यासारखा मंद झालेला दिसतो. आधीची वर्षं सपाट, नंतरचीही सपाट.

“तुला काय वाटतं?”

“हवामान असं एका वर्षात बदलून तिथेच थांबत नाही. यंत्र बदललं असावं.”

याच वाक्याची मी तीन वर्षं वाट पाहत होते. अशी पायरी दिसली की तरुण माणसाला मोठा शोध लागल्यासारखं वाटतं. मलाही एकदा वाटलं होतं. तेव्हा मी त्यावर निबंध लिहायला घेतला आणि निम्मा लिहून झाल्यावर एका निवृत्त निरीक्षकाने सहज सांगितलं की त्या साली आमच्याकडे फुग्याखालचा नवा डबा आला. आठ महिन्यांचं काम बाजूला ठेवावं लागलं.

आम्ही दोघी जुन्या रजिस्टरांच्या खोलीत गेलो. एका केंद्राच्या वहीत त्या वर्षीच्या पानाच्या समासात निळ्या शाईने ओळ होती. आजपासून नवीन उपकरण. खाली सही, वाचता न येणारी. ही ओळ पंचेचाळीस मिनिटांत मिळाली. अशाच आणखी एका केंद्राची वही मात्र मिळणार नाही. एका कार्यालयाने जागा मोकळी करताना जुनी रजिस्टरं रद्दीत घातली. आकडे संगणकात आले होते, म्हणून कुणाला त्यात गैर वाटलं नाही. समासातल्या ओळी संगणकात आलेल्या नव्हत्या.

दुपारी १.१५

डबा. भाकरी आणि पावट्याची उसळ. विद्यार्थिनीने तिचा डबा उघडला आणि आलेखही उघडला, तेव्हा मी तिला आधी जेवायला लावलं.

दुपारी २.३०

एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाचा तास. आज प्रयोग आहे म्हणून कुणी गैरहजर नाही.

फिरत्या पाटावर काचेसारखी पारदर्शक गोल टाकी. टाकीच्या मध्यभागी बर्फाने भरलेला स्टीलचा डबा, तो ध्रुव. बाहेरची कड खोलीच्या तापमानाची, ते विषुववृत्त. वर दांडीला मोबाइल बांधलेला, टाकीबरोबर फिरणारा, म्हणजे पृथ्वीवरच्या माणसाला जसं दिसेल तसं चित्र मिळतं. शिकागोत डेव्ह फुल्ट्झ यांनी १९५० च्या दशकात असेच प्रयोग धातूच्या साध्या परातीसारख्या भांड्यात केले. जगाची हवा परातीत उतरते यावर तेव्हा बऱ्याच मोठ्या माणसांचा विश्वास बसला नव्हता.

पाट सुरू केला की लगेच काही करायचं नाही. सगळं पाणी टाकीबरोबर एका गतीने फिरू लागेपर्यंत पंधरा-वीस मिनिटं थांबायचं. टेबलाला धक्का लागला की पुन्हा पहिल्यापासून. तोवर मी फळ्यावर हिशेब मांडते.

विषुववृत्तावर जमीन सेकंदाला ४६५ मीटर वेगाने पूर्वेला जाते. तिथली स्थिर हवा वर चढून तीस अक्षांशांपर्यंत गेली. तिथे पृथ्वीच्या आसापासूनचं अंतर कमी, जमिनीचा वेगही कमी, ४०३ मीटर. हॅडलीने धरलं होतं की हवा आपला मूळ वेग तसाच घेऊन जाते. त्या पद्धतीने गेलं तर वजाबाकी ६२ येते. पण टिकतो तो वेग नव्हे, कोनीय संवेग. फुगडी घालताना हात आखडून जवळ आलं की गिरकी वाढते, तसं आसाजवळ येताना हवेची गिरकी वाढते. ४६५ चा होतो ५३७. त्यातून ४०३ गेले की राहतात १३४.

“सेकंदाला १३४ मीटर, म्हणजे ताशी जवळजवळ ४८० किलोमीटर. प्रत्यक्षात किती असतो?”

कुणीतरी मागून सांगतं, “हिवाळ्यात सगळ्या रेखांशांची सरासरी ४० च्या आसपास.”

“मग उरलेला गेला कुठे?”

माझ्या सगळ्या नोकरीत मी हा एकच प्रश्न वेगवेगळ्या तऱ्हेने विचारला आहे. फळ्यावर तो लिहून मी खडू ठेवते आणि टाकीकडे वळते.

आधी संथ गती, मिनिटाला एक फेरी. टाकीत लाल आणि निळ्या खाण्याच्या रंगाचे चार-चार थेंब. लाल रंग वरच्या थरात डब्याच्या दिशेने सरकतो आणि जवळ जाताजाता गिरकी घेत लांबलचक दोरा होतो. वरचं पाणी टाकीपेक्षा पुढे पळतं, झोतवारा दिसतो. तळाशी पोटॅशियम परमँगनेटचा खडा सोडला की जांभळी रेघ बाहेरच्या कडेकडे, उलट दिशेला वाकत जाते. व्यापारी वारे. हॅडलीचं चक्र जसंच्या तसं.

मग गती वाढवायची, मिनिटाला दहा फेऱ्या. पुन्हा थांबायचं. पुन्हा थेंब. या वेळी रंग गोल फिरत नाही. डब्याभोवतीची कड हळूहळू लाटेसारखी वाकते, एक जीभ आत शिरते, एक बाहेर येते, जिभेचं टोक मुडपून भोवरा होतो. चार भोवरे, मग पाच. निळं थंड पाणी बाहेर चाललं आहे, लाल कोमट पाणी आत. मुलं श्वास रोखून मोबाइलच्या पडद्यावर बघत असतात. हे आमच्या अक्षांशाबाहेरचं हवामान. काश्मिरात बर्फ आणणारे पश्चिमी विक्षोभ या लाटांच्या घरचे.

भोवरे नुसतं ऊन-थंड पाणी बदलत नाहीत. ते तिरके असतात, म्हणून फिरकीही वाहून नेतात. १३४ मधला जो हिस्सा दिसत नव्हता त्यातला बराच या भोवऱ्यांनी उचलून पुढच्या अक्षांशांना दिलेला असतो आणि तिथले पश्चिमेचे वारे तो पृथ्वीला परत करतात. भोवऱ्यांवाचून हा हिशेब मिटणार नाही असं हॅरॉल्ड जेफ्रीज यांनी १९२६ मध्ये म्हटलं होतं. एमआयटीत व्हिक्टर स्टार आणि सहकाऱ्यांनी १९५० च्या सुमारास फुग्यांच्या नोंदी जमवून तो आकड्यांत दाखवला. १९५६ मध्ये नॉर्मन फिलिप्स यांनी प्रिन्स्टनच्या संगणकावर नुसती समीकरणं सोडवून महिनाभराची अशी लाटांची, भोवऱ्यांची हवा उभी केली. आजची सगळी हवामान प्रारूपं त्या एका प्रयोगाची पोरं. त्याच परंपरेत पुढे प्रिन्स्टनला काम केलेल्या स्युकुरो मानाबे यांना २०२१ चं नोबेल मिळालं.

तास संपल्यावर प्रयोगशाळेतले मामा बर्फाचा डबा उचलायला आले. तेही थांबून बघत राहिले. “मॅडम, हे पाणी आपल्याआपण असं करतंय?” हो, आपल्याआपण. कडेला ऊब, मध्ये बर्फ आणि फिरणं, एवढंच त्याला लागतं.

दुपारी ४.१५

एका नियतकालिकाने परीक्षणासाठी पाठवलेला निबंध. हॅडली चक्र रुंदावत आहे का, हा त्याचा विषय. गेल्या चार दशकांत त्याची कड ध्रुवांकडे सरकली आहे. दशकाला किती, यावर अंदाज एक दशांश ते अर्धा अंश असे पसरलेले. चक्राच्या त्या उतरत्या बाजूखाली जगातली बरीच वाळवंटं आहेत, म्हणून अर्धा अंशही किरकोळ नाही. निबंध चांगला होता. मी दोन दुरुस्त्या सुचवून मान्य करण्याची शिफारस केली.

पूर्वी एका समितीने माझा प्रस्ताव परत पाठवला होता. शेरा असा की यातून शेतकऱ्याला काय मिळणार? शेरा मला लागला, कारण मी शेतकऱ्यांच्या तालुक्यातून आले. त्याचं उत्तर मी आजही देऊ शकते. १९९७ चा एल निन्यो शतकातल्या सर्वांत तीव्रांपैकी एक होता आणि भारतात पाऊस सरासरीएवढा झाला. २००२ चा एल निन्यो त्याहून सौम्य होता आणि त्या जुलैत देशात नेहमीच्या निम्माच पाऊस पडला. समुद्र किती तापला एवढ्याने भागत नाही. वर चढणारी हवा नेमकी कुठे सरकली, हिंदी महासागराने त्या वेळी काय केलं, हे कळावं लागतं. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात, विदर्भात गारपिटीने उभी पिकं आडवी केली. तशा गारपिटीमागे उत्तरेकडून खाली वाकून आलेला पश्चिमी वारा असतो. टाकीतली ती निळी जीभ आठवा. जागतिक वाताभिसरण हा दूरचा विषय आहे असं ज्याला वाटतं, त्याने त्या वर्षीची द्राक्षबाग आठवावी.

संध्याकाळी ५.३०

दुसऱ्या घड्याळात दुपारचे बारा. जगभर पुन्हा फुगे चढत आहेत. मी घरी निघालेली असते आणि वाटेत सिमला ऑफिसचा चौक लागतो. भारतीय हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यात आलं, पुढे दिल्लीला गेलं, पण पुणेकरांच्या तोंडी इमारतीचं नाव राहिलं.

१९०४ ते १९२४ या खात्याचे प्रमुख होते गिल्बर्ट वॉकर, केंब्रिजचे गणिती. मोसमी पावसाचं भाकीत करायचं म्हणून त्यांनी जगभरच्या दाबाच्या, तापमानाच्या, पावसाच्या नोंदी मागवल्या आणि एकमेकींशी ताडून बघितल्या. त्यातून त्यांना सापडला दक्षिणी आंदोल, म्हणजे प्रशांत महासागरावर दाब चढला की हिंदी महासागरावर उतरतो, असा झोका. १९६९ मध्ये याकोब ब्यर्कनेस यांनी त्या झोक्यामागच्या हवेच्या पूर्व-पश्चिम चक्राला वॉकरचं नाव दिलं. वॉकरच्या काळी संगणक नव्हता. ती हजारो गणितं हाताने करणारे हिंदुस्थानी कारकून होते. त्यांतल्या बहुतेकांची नावं आपल्याला ठाऊक नाहीत. चौकात सिग्नलला थांबले की मला वॉकरपेक्षा तेच जास्त आठवतात.

रात्री ९.००

परदेशातल्या सहकाऱ्यांशी ऑनलाइन बैठक. त्यांची दुपार, माझी रात्र. तासभरात आटोपली.

नंतर मी रोज एक आकडा बघते, तो पृथ्वीच्या दिवसाच्या लांबीचा. दिवस नेमका चोवीस तासांचा नसतो. पश्चिमेचे वारे जोरात असले की हवेकडे जास्त फिरकी जाते, पृथ्वीची तेवढी कमी होते आणि दिवस लांबतो. १९८३ च्या जानेवारीत, एल निन्यो भरात असताना, दिवस सुमारे एक मिलीसेकंदाने लांबला होता. जुलै-ऑगस्टमध्ये उलट असतं. उत्तरेकडचे पश्चिमी वारे मंदावतात, आपल्यावरचा पूर्वीय झोतवारा जोर धरतो, अरबी समुद्रावरून येणारा वारा सह्याद्रीला पूर्वेकडे रेटत राहतो आणि दिवस वर्षातले सर्वांत छोटे होतात. सकाळी टेकडीवरून दिसलेल्या त्या दोन वाऱ्यांनी आजचा दिवस कणभर लहान केला आहे. हे खगोलशास्त्रज्ञ ताऱ्यांकडे, दूरच्या क्वेसारांकडे बघून मोजतात. आम्ही फुग्यांकडे बघून मोजतो. दोन्ही आकडे जुळतात.

रात्री १०.३०

विद्यार्थिनीचा संदेश आला होता. समासातल्या त्या ओळीप्रमाणे दुरुस्ती केल्यावर आलेखातली पायरी गेली. बेरीज पुष्कळ जवळ आली आहे, अजून पूर्ण जुळलेली नाही. उरलेला फरक कुठला ते उद्या बघू, असं मी तिला कळवलं.

माझी निवृत्ती पुढच्या वर्षी आहे. टाकी विभागात राहील, आकडे तिच्याकडे राहतील. वडिलांची वही मी स्कॅन करून दिली आहे, समासांसकट.

वाचकांना एक विनंती. तुमच्या शाळेत, तलाठी कार्यालयात, साखर कारखान्यात, चहाच्या किंवा सुपारीच्या बागेत, वाड्याच्या माळ्यावर पावसाच्या जुन्या हस्तलिखित वह्या असतील. पानं जीर्ण झाली असली, अर्धी पानं निरंक असली, तरी रद्दीत देऊ नका. प्रत्येक पानाचा फोटो काढा, कडेला काही खरडलेलं असेल तर तेही येऊ द्या, आणि जवळच्या महाविद्यालयाच्या भूगोल किंवा भौतिकशास्त्र विभागात नेऊन द्या.